सुंदरामावशीचं प्रमाण

"एकदम घाल सगळं," म्हणत पाटलांच्या थोरल्या सुनेनं पांढरी पिशवी कट्ट्यावर ठेवली. पिशवीवरचा हात मात्र काढला नाही.

मी आत डोकावले. मिरची, धणे, खोबरं, तीळ, दालचिनी, लवंगा, सगळं घरीच भाजून, कुस्करून, कालवून आणलेलं. कशाचं किती ते ओळखायची सोय नव्हती.

"वैनी, पुरचुंड्या कुठायत?" मी विचारलं.

"ह्यातच हाय समदं. घाल म्हणते न्हवं?"

आमचा डंक म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारातली एक पत्र्याची शेड. आत विजेच्या मोटरीवर धाडधाड वरखाली होणारी चार लोखंडी मुसळं आणि त्यांच्याखाली चार उखळं. होळी झाली की गावातल्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या बायका वर्षाची चटणी कांडायला येतात. मसाले येतात ते वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधून, कारण आधी मिरची बारीक व्हावी लागते. खोबरं लवकर पडलं तर तेल सुटून गोळा होतो आणि लसूण लवकर पडला तर सगळंच मुसळाला चिकटतं. कुठल्या घरची कुठली पुरचुंडी कधी सोडायची, हे माझ्या सासूबाईंना तोंडपाठ. त्यांचं नाव गौराक्का. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आणि डंकावर एक रीत होती. उखळापाशी आम्हा दोघींशिवाय फक्त जिची चटणी तिनं बसायचं. बाकीच्यांनी बाहेरच्या बाकावर, तेही रस्त्याकडं तोंड करून. दुसरीच्या पुरचुंडीत बघायचं नाही, हे कुणी कुणाला शिकवत नसे, पण बघताना कुणी सापडली तर वर्षभर तिची शोभा व्हायची.

त्या बुधवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत अशा एकत्र कालवलेल्या पाच पिशव्या आल्या. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, बायका सुधारल्या! एका घाण्याचा वेळ निम्म्यावर आला. मी लगेच फोन काढला, पिशव्यांचा फोटो घेतला, खाली लिहिलं, 'आता सगळं एकाच पिशवीत आणा, वेळ वाचवा,' आणि टाकून मोकळी झाले. दर दोन मिनिटांनी तिखटाचा हात पदराला पुसायचा आणि किती जणांनी बघितलं ते बघायचं, असं माझं चाललं होतं. त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना फोन, कांडताना फोन, देवापुढं दिवा लावतानासुद्धा एक डोळा फोनवर.

माझी तगमग उगीच नव्हती. माझे मिस्टर शिवानंद पुण्याला कंपनीत. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की डंकाला आता दिवस नाहीत, पोरीबाळी पाकिटातली चटणी आणतात, जागेला गिऱ्हाईक आहे, हा हंगाम संपला की विकू आणि आईला पुण्याला नेऊ. पुण्याला म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आत्याबाई तिथं दिवसभर काय करणार, हा विचार आला की माझी झोप उडायची. ही बाई पहाटे उठून मोटरीला हात लावून नमस्कार करणारी. आणि माझं काय? बी.कॉम. होऊन मी या गावात आले ती नाराज होऊनच, पण चार वर्षांत डंकावर अशी रमले की पुण्याचं नाव काढलं तरी रडू यायचं.

म्हणून मी जानेवारीत कोल्हापूरला जाऊन छोट्या धंदेवाल्यांचं दोन दिवसांचं शिबिर करून आले. शिकवणारा पोरगा टाय लावून आलेला. त्यानं पहिल्याच तासाला सांगितलं, "तुमचा धंदा ऑनलाइन दिसत नसेल, तर तो नाहीच असं समजा." ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की निघेचना. घरी येऊन मी फोनवर डंकाचं पान उघडलं. मोटरीचे फोटो टाकले, उखळांचे टाकले, संकेश्वरी मिरचीच्या लालभडक ढिगाचे टाकले. महिनाभरात बघितलं बावीस जणांनी, त्यात अकरा माझ्या माहेरचे.

आत्याबाईंना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ज्येला यायचं हाय त्येला वाट ठावी हाय. पण तुला टाकायचं तर टाक बाई, माझं काय जातंय." त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन. मी काय टाकते हे त्यांना दिसणार तरी कसं?

मग होळीनंतरच्या रविवारी मी एक मोठा मजकूर टाकला. तेव्हापासून फोन थांबला नव्हता. पुणे, मुंबई, नाशिक, कुठून कुठून लोक चटणी मागत होते. चाळीस मागण्या मी घेऊनही टाकल्या होत्या.

बाराच्या सुमाराला आत्याबाईंनी मोटर बंद केली. भर हंगामात, दुपारी, मोटर बंद! कानाला एकदम दडे बसल्यासारखं झालं.

"राजश्री, सकाळधरनं किती पिशव्या आल्या तसल्या?"

"नऊ. बघा की आत्याबाई, किती लवकर उरकतंय."

"उरकतंय खरं." त्या कट्ट्यावर टेकल्या. "एकत्र कांडलेल्या चटणीला जूनात बुरा येतोय. ह्या बायकांस्नी ते ठावं न्हाई व्हय? वीस-वीस वर्सं येत्यात त्या. तरी बी कालवून आणली. का?"

मी शेवटच्या पिशवीत हात घालून चिमूटभर मसाला उचलला.

"तू त्या फोनात काय टाकलंस, वाच बघू."

मी वाचायला लागले. सुरुवातीला मोठ्या दिमाखात वाचत होते. 'गौराक्कांच्या घराण्याची खास चटणी. चार पिढ्यांची परंपरा. आता हे गुपित तुमच्यासाठी खुलं.' मग प्रमाण. मिरची किती, त्यात संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती, धणे किती, दगडफूल किती, नागकेशर कधी घालायचं, कांदा कुठवर तळायचा. अर्ध्यावर आले आणि माझा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"ही सुंदराची चटणी हाय," आत्याबाई म्हणाल्या.

सुंदरामावशी म्हणजे एसटी स्टँडमागच्या खानावळीच्या मालकीणबाई. नवरा सोडून गेल्यावर त्या बाईनं तिथं चूल मांडली, आणि आता ड्रायव्हर-कंडक्टरपासून मामलेदारापर्यंत सगळे तिच्या रश्श्यासाठी रांगेत उभे राहतात. दरवर्षी होळीनंतरचा पहिला घाणा तिचा. गावात सर्वांत चांगली चटणी कुठली, असं झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तिचंच नाव घेतलं असतं. चांगलं तेच टाकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चोरी-बिरीचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि तेच आज आठवलं की जास्त लाज वाटते.

"मी तिचं नाव कुठंच घातलं नाही हो," मी म्हटलं.

"आमच्या घरचं घातलंस की."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, शेडच्या दाराशी गेल्या आणि रिकाम्या बाकाकडं बघत उभ्या राहिल्या. "बायका सुधारल्या न्हाईत, राजश्री. आपल्यापास्नं लपवाय लागल्यात. वर्साची चटणी नासली तरी चालंल, पण आपल्या हातात पुरचुंडी द्यायची न्हाई, असं ठरवलंय त्येनी. चाळीस वर्सांत असं कदी झालं न्हवतं गं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना त्याआधी फक्त सासरे गेले तेव्हा बघितलं होतं.

मी चपला घातल्या आणि स्टँडकडं निघाले. निम्म्या वाटेत शिवानंदांचा फोन. मला वाटलं, यांच्याही कानावर गेलं. पण गडी भलताच खुशीत!

"अगं, साडेतीन हजार लोकांनी बघितलंय! आमच्या ऑफिसात सगळे विचारतायत. तू तर कमाल केलीस."

"अहो, पण ते काढावं लागणार आहे."

"काढायचं? डोकं फिरलंय का तुझं? मी त्या जागेच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगणार आहे आजच. असं चालणार असेल तर विकायचं कशाला? उलट चांगला मोठा डंक टाकू. फक्त ते पान तेवढं चालू ठेव. ते बंद झालं, तर मग मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला मोकळा नाही, आधीच सांगतो."

भर उन्हात रस्त्याच्या कडेला मी फोन धरून उभी राहिले. दिवाळीपासून देवाला जे मागत होते ते मिळालं होतं. आत्याबाईंचा डंक राहणार होता. आणि मला पुढं पाऊल टाकवेना, मागंही फिरवेना.

शेवटी गेले. खानावळीत जेवणाची गर्दी ओसरली होती. सुंदरामावशी परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या. मला बघून मळायच्या थांबल्या नाहीत.

"आलीस व्हय? बस. जेवलीस?"

"मावशी, मला भूक नाही. मी चुकले. मी ते आत्ता काढून टाकते."

"काढून काय हुतंय? परवा कॉलेजची चार पोरं जेवाय आल्ती. त्यातलं एक म्हणालं, मावशी, रस्सा फस्क्लास झालाय, ऑनलाइनवरची चटणी करताय वाटतं तुमी बी? आन फोनातलं समद्या खानावळीत मोठ्यानं वाचून दाखवलं." त्यांनी पिठावर जोरात मूठ मारली. "काय सांगू त्येला मी? सांग की. माझ्याच खानावळीत माझ्याच चटणीची मी नक्कल करतोय म्हणं!"

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. मग तव्याकडं बघतच बोलायला लागल्या.

"तुला वाटतंय ही चटणी मला कुणी सासूनं शिकवली? तिनं मला पाणी सुदिक सुखानं पिऊ दिलं न्हाई. तीन वर्सं मी स्वतः करून बघितली. येकदा कडू झाली. येकदा खोबरं खवट निघालं. येकदा दगडफूल इतकं पडलं की गिऱ्हाईक ताट सोडून उठलं. हे समदं तुज्या सासूच्या उखळात झालं. तिनं बघितलं. पन मी खानावळवाली असून मला चटणी येत न्हाई, हे तिनं भाईर कुणाला कळू दिलं न्हाई. बायका इचारायच्या, सुंदरा काय घालती गं? ती म्हणायची, मला काय ठावं, माझं ध्यान मोटरीकडं असतंय." भाकरी टम्म फुगली. त्यांनी ती उतरवून माझ्यापुढच्या ताटात टाकली. "लोकं डंकावर काय कांडायला येतात गं? मिक्सर घरात न्हाई कुणाच्या?"

मी म्हटलं, "मावशी, मी आत्ताच्या आत्ता लिहिते. सगळ्यांना सांगते की ही चटणी तुमची आहे. तुमचा फोटो टाकते, खानावळीचा पत्ता टाकते. हजारो लोक बघतील."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडं वळल्या. "परत टाकणार? परत मला न इचारता?"

माझा हात पिशवीतल्या फोनवर होता. तो तसाच राहिला.

"त्या हजारांस्नी मी वळखत न्हाई. ज्या बाकड्यावर बसत्यात त्यास्नी वळखते. सांगायचं आसंल तर हितल्या हितं सांग, तोंडानं. हुतंय का बघ." आणि वर म्हणाल्या, "भाकरी खा. अन्नावर राग काढू नगंस."

रात्रभर मी कूस बदलत राहिले. सकाळी आधी पानावरचं ते सगळं पुसलं, चाळीसजणांना कळवलं की चटणी मिळणार नाही. मग शिवानंदांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही.

साडेआठला बाकावर नऊ-दहा बायका होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक कालवलेली पिशवी. मी आत्याबाईंना म्हटलं, मोटर बंद करा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

मी बाहेर आले आणि बाकासमोर उभी राहिले. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "फोनवर जी चटणी टाकली," मी म्हटलं, "ती आमच्या घरची नाही. ती सुंदरामावशींची आहे. मी उखळापाशी बसून ती शिकले आणि त्यांना न विचारता आमच्या नावानं गावभर केली. ती चोरी होती."

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मग पाटलांच्या थोरल्या सुनेनं विचारलं, "आन आमची?"

"तुमची नाही टाकली."

"टाकली न्हाई ते ठावं हाय. येती का तुला?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. 'नाही हो, मला कुठली आठवते,' एवढं म्हटलं असतं तर निम्म्या जणींचा जीव भांड्यात पडला असता.

"येते," मी म्हटलं. "तुमची येते. कुंभारांची येते. इथं बसलेल्या सगळ्यांची येते मला."

बाकावर चुळबुळ झाली. एक जण उठली, पिशवी काखोटीला मारली आणि चालायला लागली. तिच्यामागून दुसरी. तेवढ्यात आत्याबाई आतून बाहेर आल्या, कोपरापर्यंत लाल झालेले हात तसेच.

"तिला मी शिकवलंय," त्या म्हणाल्या. "ती चुकली म्हंजे मी चुकली. आजपास्नं राजश्री उखळाजवळ बसणार न्हाई. मी येकटी बसंन. ज्येला पटंल त्येनं थांबावं, ज्येला न्हाई त्येनं जावं, माझं काय म्हणणं न्हाई."

सगळ्यांदेखत सासूनं मला उखळावरून उठवलं. चार वर्षांत त्या जागेवर जीव लावला होता, आणि ती एका वाक्यात गेली. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले. चौघीजणी थांबल्या, बाकीच्या गेल्या.

त्या हंगामात डंक निम्माही चालला नाही. मे महिन्यात शिवानंद गिऱ्हाइकाला घेऊन आले. आत्याबाईंनी त्या माणसाला चहा दिला, पोराबाळांची चौकशी केली आणि तो जायला निघाल्यावर म्हणाल्या, "जागा इकायची न्हाई. ह्येला सांगून बगितलं, आईकत न्हाई, म्हणून तुमास्नी सांगतो." शिवानंद दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. मग बोलायला लागले. ते तिकडं आणि आम्ही दोघी इकडं, असा संसार चालू राहिला.

पुढची तीन वर्षं मी उखळाकडं फिरकले नाही. चटणी चाळायची, पिशव्या शिवायच्या, बायकांना पाणी द्यायचं. पुरचुंड्या हळूहळू परत यायला लागल्या, पण त्या आत्याबाईंच्या हातात. मी जवळून गेले तरी गाठ आवळली जायची. डंकाचं पान मी पुन्हा उघडलं, आत्याबाईंना विचारून. त्यावर तेवढंच असायचं, डंक सकाळी सात ते दोन, सोमवारी बंद, लाइट नसल्यास तसं कळवू. पुण्यामुंबईच्या लेकी ते बघून आईला फोन करतात, 'आज डंक चालू आहे गं, जाऊन ये.' तेवढा उपयोग झाला त्याचा, आणि तो कमी नव्हता.

चौथ्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. मी डंकाला कुलूप लावायचं ठरवलं होतं. तरी होळी झाल्यावर सकाळी सवयीनं गेले, शेड झाडली, आणि मागं वळले तर दारात सुंदरामावशी. डोक्यावर मिरचीचं पोतं, हातात पिशवी.

"गौराक्का?"

"हात मोडलाय त्यांचा. दीड महिना तरी नाही. मी सगळ्यांना कळवणारच होते."

"दीड महिना माझी गिऱ्हाइकं काय मिठाशी भाकरी खातील व्हय?" त्यांनी पोतं कट्ट्यावर उतरवलं. "चालू कर मोटर."

मी जागची हलले नाही. "मावशी, मी उखळावर बसत नाही. आत्याबाईंनी तुमच्यासाठीच उठवलं होतं मला."

"माझ्यासाटनं उठवलं, आता मीच बस म्हणतोय. का तिच्याकडनं चिठ्ठी आणू?"

मी मोटर चालू केली. मुसळं धाडधाड आपटायला लागली. माझी पहिली ओंजळ उखळाबाहेर सांडली. मावशींनी ती गोळा करून परत आत टाकली. मिरची बारीक झाली तसा मी अंदाजानं धण्याच्या पुरचुंडीला हात घातला, पाठच होतं ना मला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ते जुनं झालं," त्या म्हणाल्या. "फोनावर गेली ती चटणी मी ठेवली न्हाई. बदलली."

मग त्या वाकल्या आणि मोटरीच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून एकेक करत सगळं सांगत गेल्या. आधी काय, नंतर काय, कशाचं किती. मी मान हलवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखटामुळं, असं त्यांना वाटलं असेल तर वाटू दे.

त्यांची खानावळ आता त्यांचा भाचा चालवतो, आणि रस्सा तसाच असतो. त्यात काय घालतात म्हणून लोक अजून मला विचारतात. मला काय ठावं, माझं ध्यान मोटरीकडं असतंय.